‘१० वॅटचा एलईडी टाका’ हा सल्ला अर्धवट आहे

घरातल्या जुन्या दोन सेलच्या टॉर्चमध्ये १० वॅटचा एलईडी बसवला की उजेड लांबवर जातो, असा मेसेज सध्या फिरतोय. तो वाचून कोणी बाजारात जाणार असेल तर आधी हे वाचा.

दोन नवे सेल मिळून ३ व्होल्ट देतात, आणि वापरात ते झपाट्याने उतरतात. पांढऱ्या एलईडीला पेटायलाच साधारण ३ व्होल्ट लागतात. त्यातून १० वॅट काढायचे तर ३ अँपिअरहून जास्त करंट हवा. साध्या जाड सेलांकडून तेवढी अपेक्षा म्हणजे बैलगाडीला ट्रकचा माल. समजा करंट मिळाला, तरी उष्णता जाणार कुठे? प्लॅस्टिकच्या टॉर्चमध्ये तिला वाट नाही. एलईडी तापतो, उजेड घसरतो आणि शेवटी तो जळतो.

पल्ल्याचं गणित तर वेगळंच आहे. जुन्या बल्बची तार बारीक आणि रिफ्लेक्टरच्या नेमक्या केंद्रावर असते. मोठा एलईडी तिथे बसवला की झोत पसरतो. अंगण उजळतं, पण लांबचं झाड दिसत नाही.

बदल करूच नका असं नाही. गोल कडेच्या जुन्या बल्बच्या जागी सरळ बसणारे एलईडी बल्ब मिळतात. आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असलेला, पाकिटावर तुमच्या सेलांच्या व्होल्टेजचा आकडा छापलेला बल्ब घ्या. डाख द्यायची गरज नाही. बसवून पेटला नाही तर सेल उलटे घालून पाहा. काही टॉर्चमध्ये ते उलटे घालायचे असतात, आणि एलईडीला प्लस-मायनस कळतं.