जिम रीव्हजचा आवाज अपघाताने सापडलेला नव्हता

अमेरिकन कंट्री गायक जिम रीव्हजबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षे फिरते आहे. तो लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या केडब्ल्यूकेएच रेडिओवर साधा निवेदक होता. 1952 मध्ये ‘लुइझियाना हेराइड’ या शनिवारच्या कार्यक्रमाला ठरलेला गायक आलाच नाही. वेळ भरून काढायला रीव्हज गायला आणि रातोरात स्टार झाला. पुढे जोडले जाते ते असे, की त्याचा मखमली आवाज ही कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओची करामत. गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत नाताळला आजही त्याची गाणी लागतात, म्हणून हे नीट सांगायला हवे.

आधी तो न आलेला गायक. काही जण स्लीपी लाबीफ या गायकाचे नाव घेतात. लाबीफचा जन्म 1935 चा, पहिली रेकॉर्ड 1957 ची. सतरा वर्षांच्या, एकही रेकॉर्ड नसलेल्या मुलासाठी हेराइड अडून बसेल, हे पटत नाही. दुसरे नाव त्या काळचा मोठा कंट्री गायक हँक विल्यम्सचे. ऑगस्ट 1952 मध्ये ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या नामांकित रेडिओ कार्यक्रमाने त्याला काढले आणि तो हेराइडला परतला. कार्यक्रम चुकवण्याबद्दल तो प्रसिद्धच होता, त्यामुळे हे नाव निदान काळाच्या हिशेबात बसते. पण ते खरे धरले तरी ‘रातोरात’ खरे ठरत नाही.

कारण रीव्हजने ह्यूस्टनच्या मेसीज या छोट्या रेकॉर्ड कंपनीसाठी 1949 मध्येच रेकॉर्ड केल्या होत्या आणि त्या चालल्या नाहीत. त्याचे ‘मेक्सिकन जो’ हे गाणे कंट्रीच्या यादीत पहिले आले 1953 मध्ये. आरसीए व्हिक्टर ही मोठी रेकॉर्ड कंपनी आणि ऑप्री, दोन्हींकडे तो गेला 1955 मध्ये. आज आपण ज्याला ‘जिम रीव्हजचा आवाज’ म्हणतो तो लोकांनी ऐकला 1957 मध्ये, ‘फोर वॉल्स’ या गाण्यात. पहिल्या रेकॉर्डपासून आठ वर्षे गेली होती.

आता स्टुडिओच्या करामतीचा मुद्दा. ‘मेक्सिकन जो’ आणि ‘फोर वॉल्स’ लागोपाठ ऐका. पहिल्यात आवाज चढा, मोकळा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आहे. दुसऱ्यात पट्टी खाली, आवाज हलका आणि ओठ माइकला जवळजवळ टेकलेले. असे गायचे तर माइक हाताळता यावा लागतो, आणि तो हात निवेदकाचा असतो. एका दिशेने ऐकणारा किंवा रिबन माइक तोंडाजवळ आणला की खालचे सूर आपोआप भरदार होतात. सगळ्या दिशांनी सारखे ऐकणाऱ्या माइकवर हे होत नाही. शिवाय अंतर निम्मे केले की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. 40 सेंटिमीटरवरून 5 वर आलात तर 18 ने.

फायदा जेवढा, तेवढीच अडचण. 40 सेंटिमीटरवर असताना मान 5 सेंटिमीटर मागे गेली तर आवाज जेमतेम 1 डेसिबल उतरतो. 5 वर असताना तेवढीच मागे गेली तर 6 डेसिबल गळतो आणि भरदारपणाही जातो. प, फ, ब, भ यांचा झोत थेट माइकवर आदळून धप्प असा आवाज येतो, म्हणून तोंड किंचित बाजूला ठेवावे लागते. श्वास ऐकू येतो, तो ओळींच्या मध्ये लपवावा लागतो. जोराचा सूर लागला की आवाज फाटतो. यातली एकही गोष्ट तंत्रज्ञ गायकाच्या वतीने करू शकत नाही.

साथही यामुळेच बदलावी लागते, आणि मला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. सगळे एकाच खोलीत वाजवत असताना हळू गाणाऱ्याचा माइक उघडला, की ड्रम आणि चढी वाद्येही त्यात शिरतात. 1959 मध्ये आरसीएचा निर्माता चेट ॲटकिन्सने ध्वनिमुद्रित केलेले रीव्हजचे ‘ही’ल हॅव टू गो’ ऐका: कंट्रीत नेहमी असणारे फिडल (व्हायोलिन) नाही, स्टील गिटार नाही. फ्लॉइड क्रेमरचा पियानो, व्हायब्राफोन आणि मागे अनिता केर सिंगर्सचा दबका कोरस. गाण्याचा विषयच टेलिफोनवर जवळून बोलण्याचा. ते कंट्रीत 14 आठवडे पहिले राहिले आणि पॉपच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. ॲटकिन्सचे श्रेय मोठेच आहे. पण ‘फोर वॉल्स’ बाईने गायचे गाणे आहे असे त्याला आधी वाटत होते. ते आपणच गायचे हा हट्ट रीव्हजचा होता.

गायक झाल्यावर त्याने रेडिओ सोडला, हेही चूकच. 1957 मध्ये एबीसी नेटवर्कवर त्याचा रोजचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे टेक्ससमधल्या हेंडरसनचे केजीआरआय केंद्र त्याने टॉम पेरीमनसोबत विकत घेतले. केडब्ल्यूकेएचला येण्यापूर्वी तो त्याच केंद्रावर निवेदक होता.