डांबर, कोळसा आणि थोडी संवेदना

गोव्यात येऊन हवामान बदलावर मांडणशिल्प करायचं ठरवलंत? छान. रंगांवर पैसे घालवू नका, साहित्याची सोय आम्ही आधीच करून ठेवली आहे.

तांबडा हवा तर डिचोलीकडे जा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. टाकाऊ खाणमातीचे डंप मात्र जागच्या जागी आहेत. पहिल्या पावसात ओहळात हात बुडवा, गेरू फुकट. काळ्यासाठी वास्को. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो, घरातल्या कठड्यावर ओलं फडकं फिरवलं की चारकोलचं चित्र तयार.

पोत हवा असेल तर मेअखेरीस कोलव्याला अनवाणी चाला. जहाजांनी भर समुद्रात सोडलेल्या तेलाचे गोळे टाचेला असे चिकटतात की साबण हात टेकतो. खोबरेल चोळा, जुन्या गंजीफ्रॉकने पुसा आणि तो गंजीफ्रॉक चौकटीत बसवा. (मी फेकून दिला. म्हणून अजून लेखच लिहितोय.)

मोलेच्या अभयारण्याचा विषय जपून घ्या. २०२० मध्ये तिथल्या रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनीविरुद्ध पोरांनी चित्रं काढली, पोस्टरं रंगवली. काहीजण कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द झाली. चित्राचा काही उपयोग होतो असा संशय येईल, अशी कला दालनात शोभत नाही.

टिपण इंग्रजीतच लिहा. त्यात 'खाजन', म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन, एकदा तरी यावं; 'मानस' म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं दार, हे सांगताना डोळे अर्धवट मिटावेत. ज्याच्या शेतात बांध फुटून खारं पाणी शिरलंय त्याला मात्र बोलावू नका. तो एसीत बसून बांध कधी बांधणार ते विचारील.

बाकी स्पर्धा एकच: माटोळी. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर कांगल्या (डोंगरातली रानफळं), तोरिंगं (मोठी लिंबूवर्गी फळं), सुपारीची शिपटी, रानातलं आणि कुळागरातलं, म्हणजे पोफळीच्या बागेतलं, जे मिळेल ते टांगतात. अस्सल मिश्र माध्यम, पण क्युरेटर नाही, तेव्हा घाबरू नका. गेल्या चवथीला बाजारात एका मावशीकडे मी कांगल्या मागितल्या. "खंयच्यो कांगल्यो बाबा? दोंगरच उरूंक ना," (डोंगरच उरला नाही) म्हणाली आणि तोरिंगं पुढे सरकवली.

हे वाक्य टिपून घ्या, शीर्षकाला बरं आहे. आणि तिच्याकडून दोन तोरिंगं तरी घ्या. भाव करू नका म्हणणार होतो, पण तुम्ही करालच.