"तिला उतरवता येत नाही" म्हणे!

सकाळी साडेसहाला फोन हातात घेतला आणि पहिलं काय दिसलं, तर घरच्या ग्रुपवरचा एक व्हिडिओ. कुठल्याशा धावपट्टीच्या कडेला गवतात नाक खुपसून पडलेलं दोन सीटचं शिकाऊ विमान. पंखा वाकलेला, भोवती मोबाईल उंचावलेली गर्दी. आतल्या पोरांचं काय झालं, याची कुणाला पडलेली नाही. खाली आमच्या भाऊजींची मल्लिनाथी: "पापा की परी असणार!" त्यावर सतरा हसरे चेहरे. सतरा! त्यातले चार माझ्या लेकीच्या, मनूच्या, सख्ख्या काका-मावश्यांचे. आपली मनू याच वेळी असल्याच विमानात उडायला शिकायला निघते, हे त्या चौघांना चांगलं ठाऊक आहे.

चहा गार झाला. लिहितेच आता. लांबलं तर लांबलं.

गेल्या हिवाळ्यात मी तिला भेटायला गेले होते. विदर्भातली छोटी धावपट्टी. विमानतळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतं त्यातलं तिथे काही नाही. डांबरी पट्टा, तारेचं कुंपण, खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी, आणि गुरं व मॉर्निंग वॉकवाले दोघांनाही एकाच शिट्टीनं हाकलणारा वॉचमन. मोठ्या विमानतळांवर धुक्यातून खाली आणणारी आयएलएस यंत्रणा असते. इथे पोरांचे डोळे, बस.

मी कुंपणाबाहेरच्या टपरीवर शाल गुंडाळून उभी. मनूचं विमान खाली आलं, पट्ट्यावर तरंगायला लागलं, आणि एकदम इंजिनाचा आवाज चढला नि ते परत वर! माझा कप हिंदकळला. दुसऱ्या फेरीला चाकं टेकली, उसळली, आणि पुन्हा वर. टपरीवाला म्हणाला, "आज इमान बसूनच नाही राह्यलं जी." माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिसऱ्यांदा टेकलं. इतकं हलकं की कळलंसुद्धा नाही.

खाली आल्यावर पोरगी म्हणते, "काही नाही गं. आधी ऊन डोळ्यांवर आलं, मग उसळलं. जमत नव्हतं, म्हणून परत गेले." एक बस सोडून दुसरी धरावी, तसं!

हे मी संक्रांतीला कौतुकानं सांगितलं, तर भाऊजी म्हणाले, "म्हणजे तिला उतरवता येत नाही." सगळे हसले. मीही हसले. त्याचा राग मला आज येतोय.

अहो, उसळल्यावर घाबरून नाक खाली दाबलं की पुढचं चाक आपटतं, त्याचा दांडा मोडतो आणि पंखा जमिनीत जातो. तुम्ही ज्या व्हिडिओवर हसलात तसं चित्र नेमकं असंच तयार होतं. माझ्या पोरीनं ते होऊ दिलं नाही, आणि तुमच्या हिशेबात ती नापास!

धुक्याचं तिनं मला ओढणी धरून समजावलं होतं. ओढणी डोळ्यांसमोर सरळ धरली तर पलीकडचं दिसतं. तीच तिरकी केली की वीण दाट होते, काही दिसत नाही. धुक्याच्या पातळ थराचंही तसंच. वरून खाली पाहिलं तर पट्टी स्वच्छ दिसते, "चला, उतरू" वाटतं. तिरकं उतरायला लागलं की पट्टी गायब. त्यात गावानं पहाटे पेटवलेल्या कचऱ्याचा धूर. आणि इंजिनासाठी हवा नि इंधन मिसळणाऱ्या कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो, हे तर मला खोटंच वाटलं होतं. बाहेर पंधरा-वीस डिग्री असताना! पण हवा दमट असली आणि उतरताना इंजिन मंद केलं, की धरतो. त्यासाठी गरम हवेचा वेगळा खटका असतो.

जानेवारी 2023 मध्ये मध्य प्रदेशात रीवाजवळ रात्री, धुक्यात, शिकाऊ विमान देवळाच्या कळसाला धडकलं. शिकवणारे वैमानिक गेले. शिकणारा नव्हे, शिकवणारा! 2025 च्या डिसेंबरात सिवनीजवळ उतरता उतरता विमान विजेच्या तारांना लागलं. दोघं वाचले. तेव्हाही कुणीतरी, कुठल्यातरी ग्रुपवर, हसलंच असेल.

हो, चुका पोरांच्याही होतात. मान्य. आणि हिवाळ्यातली हवा उडायला सगळ्यात गोड, कारण झटके कमी, हे मनूच सांगते. तेही मान्य.

पण परवान्याला 200 तास लागतात. धुक्यानं सकाळ गेली की तास गेला, मुक्काम लांबला, खोलीचं भाडं चढलं. हप्ता मात्र थांबत नाही. घरून रोज एकच प्रश्न: "किती तास झाले?" मीही हेच विचारायची. त्या दिवशी टपरीवरसुद्धा, ती दुसऱ्यांदा वर गेल्यावर, खरं सांगू? भीतीच्या आधी मनात आलं होतं की हिच्या एका फेरीचे किती पैसे होत असतील. लाज वाटते लिहिताना. तिला हे कधी सांगितलेलं नाही. आता वाचेलच.

भाऊजींबद्दल एवढं लिहिलं, पण तिच्या कर्जाला जामीन राहायला तेच पुढे आले होते, बाकी सगळे घसा खाकरत बसले तेव्हा. म्हणून तर जास्त लागलं. भाऊजी, तो मेसेज तेवढा काढा. मनू त्या ग्रुपवर आहे, तिनं पाहिलाच असेल.

हे लिहिता लिहिता तिचा मेसेज आला. "आई, आज खूप धुकं आहे. नऊपर्यंत काही सुटत नाही. पोहे खातेय."

मी तासांचं विचारलं नाही. पोह्यात दाणे आहेत का, एवढंच विचारलं.