वसुलीचं पत्र आलं? अभिनंदन!

सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन नाशिकला निवांत बसलात ना? मग पेन्शनच्या कागदांमागोमाग ते पत्रही येईल : 'चुकीच्या वेतननिश्चितीमुळे आपणास अतिप्रदान झाले आहे.' म्हणजे पगार जादा दिला गेला, तो परत करा. निश्चिती कार्यालयाने केली, तपासली कार्यालयाने, चूकही कार्यालयालाच सापडली. तुम्ही फक्त पैसे भरायचे. इतकी सुटसुटीत वाटणी भावाभावांत तरी होते का?

कोणी जाणकार सांगेल, निवृत्तांकडून आणि वर्ग 3 व 4 च्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने रफीक मसीह प्रकरणात 2014 सालीच सांगितलंय. झेरॉक्स काढा आणि खुशाल साहेबांना दाखवा. साहेब वाचतील, मान डोलावतील आणि विचारतील, "पण यात तुमचं नाव कुठंय?" बिनतोड! प्रकरण पंजाबचं, तुम्ही राहणार सिडकोत. शिवाय वेतनश्रेणी सुधारली तेव्हा 'जादा रक्कम परत करीन' असं हमीपत्र दिलं होतंत का, तेही आठवून ठेवा. 2016च्या जगदेव सिंग निकालात त्या सहीनेच घात केला होता. (न वाचता सही केलीत? सगळेच करतात.)

तेव्हा मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण गाठा. लगेच नको, आधी वरिष्ठांकडे रीतसर दाद मागा. उत्तर आलं नाही तर सहा महिने वाट बघा, कायदाच सांगतो. त्यापुढे मात्र वर्षाच्या आत अर्ज करायचा. चुकलात तर विलंबमाफीचा अर्ज वेगळा. सहा महिने गप्प बसलेल्या कार्यालयाला कुणाचीच माफी मागावी लागत नाही, पण तुम्ही कुठे कार्यालय आहात?

नाशिकला मॅटचं खंडपीठ नाही, पंचवटी एक्स्प्रेस आहे. पहाटे उठून मुंबईला पोचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या जंजाळातून 1985च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याने या न्यायाधिकरणाला मोकळं ठेवलंय, ते झटपट निकालासाठीच. तुमचा पुकारा होईल, सरकारची बाजू मांडणारे सादरकर्ता अधिकारी उठतील आणि म्हणतील, "कार्यालयाकडून अद्याप माहिती आलेली नाही, मुदत मिळावी." मुदत मिळेल. परतीचं तिकीट आधीच काढून ठेवलेलं बरं.

आणि जिंकलात तर पेढे पावशेरच आणा. 1997च्या एल. चंद्रकुमार निकालापासून मॅटच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं, आणि तिथे जायला सरकारला खिशातून काही घालावं लागत नाही. वकीलसाहेबांना आत्ताच विचारून घ्या, हायकोर्टातली फी वेगळी का.