हायपरकॉल पेजचा 'पसारा' कशासाठी?

कमेंटबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की हायपरकॉलसाठी (म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या कर्नलने, ते मशीन चालवणाऱ्या हायपरव्हायझरला मारलेली हाक) हायपरकॉल पेज (त्या हाकेचा कोड असलेलं मेमरीचं पान) वगैरे मी उगाच पसारा मांडलाय, इनलाइन असेंब्लीत एक व्हीएमकॉल (त्यासाठीची इंटेलची इन्स्ट्रक्शन) टाकला की झालं, सिस्कॉलसारखंच (प्रोग्रॅमने कर्नलला मारलेली हाक) तर आहे, आणि पेजमुळे उलट एक जास्तीचा जंप लागतो.

फक्त इंटेल आणि फक्त केव्हीएम (लिनक्समधला हायपरव्हायझर) असेल तर चालेल की. हायपरकॉलचा नंबर आरएएक्स रजिस्टरमध्ये, आर्ग्युमेंट्स आरबीएक्सपासून पुढे, उत्तर परत आरएएक्समध्ये, बास. पण तीच कर्नलची इमेज एएमडीवर नेली की तिथे लागतो व्हीएमएमकॉल, ओपकोडचा शेवटचा बाइट सी१ च्या जागी डी९, एवढाच फरक, तरी प्रोसेसर इनव्हॅलिड ओपकोड म्हणून हात वर करतो. केव्हीएम तो फॉल्ट पकडून गेस्टच्या (आतल्या व्हर्च्युअल मशीनच्या) मेमरीतले बाइट स्वतःच बदलायला जातो (हा लाड कशाला करतात देव जाणे), आणि कर्नलचा कोड रीड-ओन्ली असला की तेही फसतं. म्हणून लिनक्स बूट होतानाच सीपीयू बघून योग्य इन्स्ट्रक्शन बसवून घेतो. हायपर-व्हीत (मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायझर) ही कटकट तुमच्याकडे येतच नाही, आधी ओएस आयडी एका एमएसआरमध्ये (सीपीयूचं खास रजिस्टर) लिहायचा, मग दुसऱ्यात हायपरकॉल पेजचा पत्ता, आतला कोड हायपर-व्हीच भरतो. आयडी शून्य ठेवलात तर पेज चालूच होत नाही.

सिस्कॉलसारखं म्हणालात तिथे तर अजिबात पटलं नाही. सिस्कॉलला तुम्ही व्हर्च्युअल पॉइंटर देता, हायपर-व्हीला आरडीएक्समध्ये गेस्टचा फिजिकल पत्ता लागतो, तोही ८ बाइटला अलाइन केलेला आणि बफर पेजची हद्द न ओलांडणारा. आता बफर स्टॅकवर घेतला, स्टॅक व्हीमॅलॉकमधला (विखुरलेली फिजिकल पानं जोडून दिलेली कर्नलची मेमरी) निघाला आणि तुम्ही व्हर्च्युअल पत्त्यातून ठरलेला आकडा वजा करायची नेहमीची वजाबाकी करून फिजिकल पत्ता काढलात, तर पत्ता भलताच येणार, आणि तिथे खरंच एखादं पेज असलं तर हायपरव्हायझर मुकाट्याने तेच वाचणार. लिनक्समध्ये यासाठी प्रत्येक सीपीयूला वेगळं इनपुट पेज असतं आणि इंटरप्ट बंद करून ते भरतात.

जंपचं म्हणाल तर व्हीएम एक्झिटच्या (गेस्टमधून हायपरव्हायझरकडे जाण्याच्या) खर्चापुढे तो दिसणारही नाही.

तुमचा कोड टाका की इथे, बघू. फक्त सीपीयूआयडीत (प्रोसेसरची माहिती देणारी इन्स्ट्रक्शन) हायपरव्हायझरचा बिट आणि मग ४००००००० (हेक्स) च्या लीफमधली, म्हणजे त्या माहितीच्या कप्प्यातली, हायपरव्हायझरची सही तपासल्याशिवाय व्हीएमकॉल मारू नका, नाहीतर तोच कर्नल साध्या मशीनवर बूट केला की पहिल्याच कॉलला आडवा होईल.