ट्रॅव्हलिंग संपलेलं नाही, तुम्ही चुकीच्या ठिकाणापासून मोजताय

सध्या एक मेसेज आणि त्याच्यासोबत एक स्लो मोशनची क्लिप ग्रुपवर फिरतीये. त्यात म्हटलंय की बास्केटबॉलमधलं ट्रॅव्हलिंग आता उरलंच नाही, (म्हणजे बॉल हातात धरून नियमापेक्षा जास्त स्टेप्स टाकणं), एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोफेशनल लीगने, स्टार प्लेअर्ससाठी तीन स्टेप्स सुरू केल्या, फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, २०१७ मध्ये त्यांची कॉपी मारली, रेफरींना सगळं दिसतं पण ते शिट्टी मारत नाहीत, आणि खाली प्रत्येक पालकाला माहीत असायलाच हवेत असे काही "साधे नियम" दिलेत. मी जिल्ह्याच्या मॅचेसना शिट्टी मारतो. हा मेसेज आल्यापासून अंडर-फोर्टीनच्या मॅचलासुद्धा बाहेरून "रेफ, स्टेप्स! स्टेप्स!" चालू असतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"दोन स्टेप म्हणजे दोन स्टेप, आता तीन चालतात."

आजही दोनच चालतात. वाद आहे तो मोजायला कुठून सुरुवात करायची याचा, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच सांगितलेलं नाही. फिबाच्या आर्टिकल २५ प्रमाणे प्लेअरने पळता पळता बॉल पकडला किंवा ड्रिबल (बॉलचे टप्पे मारत जाणं) संपवला तर थांबायला, पास द्यायला किंवा शॉट मारायला त्याला दोन स्टेप्स आहेत, आणि बॉलवर कंट्रोल आल्यानंतर जो पाय जमिनीला लागतो ती पहिली स्टेप. कंट्रोल येताना जो पाय आधीच जमिनीवर होता तो मोजायचा नाही, त्यालाच कोच लोक झीरो स्टेप म्हणतात, आणि फिबात हे १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू आहे. मग कंट्रोल आला कधी? ड्रिबल संपतो तो दोन्ही हात एकदम बॉलला लागले की, किंवा बॉल एका वा दोन्ही हातांत थांबला की. नुसता हात लागला म्हणजे कंट्रोल नाही. बॉल उसळून वर येतोय, एक हात त्याच्यावर आहे, खाली उजवा पाय टेकलाय, त्यानंतर दुसरा हात आला, मग डावा, मग उजवा, आणि शॉट. क्लिपवाल्याने हे तीन मोजले, मी दोन मोजतो, आणि नियमाने दोनच आहेत. ड्रिबल चालू असताना बॉल हाताबाहेर असेल तेव्हा किती स्टेप्स टाकायच्या याला तर मर्यादाच नाही, एका बाऊन्समध्ये कोणी चार टाकल्या तरी बिनधास्त टाकू दे.

हो, झीरो स्टेप फक्त पळणाऱ्याला. उभं राहून बॉल घेतला तर नाही.

"एनबीएने स्टार्ससाठी आणलं."

बास्केटबॉल शोधून काढणाऱ्या डॉ. जेम्स नेस्मिथने १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला जे तेरा नियम लिहिले त्यातला तिसरा नियम बघा. बॉल घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच फेकायचा, पण जोरात पळत असताना पकडला आणि प्लेअर थांबायचा प्रयत्न करत असेल तर त्याला सूट द्यायची. म्हणजे पळणाऱ्या माणसाला जागच्या जागी थांबता येत नाही हे पहिल्या दिवसापासून नियमातच आहे, तेव्हा कुठले स्टार आणि कुठली एनबीए! ज्या युरो स्टेपवर (एक स्टेप एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला टाकून डिफेंडरला चुकवणं) सगळ्यात जास्त राग काढतात तीसुद्धा युरोपातून तिकडे गेली, १९८९ मध्ये एनबीएच्या गोल्डन स्टेट टीमकडून खेळायला आलेल्या लिथुआनियाच्या शारुनास मार्चुलिओनिसने ती नेली आणि पुढे मनू जिनोबिलीने ती सगळ्यांच्या ओळखीची केली. एनबीएने २००९ मध्ये दोन स्टेप्स स्पष्ट शब्दांत लिहिल्या, २०१९ मध्ये गॅदरची, म्हणजे बॉल हातात आला कधी याची, व्याख्या आणखी स्वच्छ केली. तिकडे ट्रॅव्हल सुटतात का? सुटतात, आणि २०१५ पासून अटीतटीच्या मॅचेसच्या शेवटच्या दोन मिनिटांचा रिपोर्ट एनबीए स्वतः छापते, त्यात चुकलेले कॉल चुकलेले म्हणून लिहिलेले असतात. चूक होणं वेगळं आणि नियम विकणं वेगळं, मेसेजने दोन्ही एकत्र केलंय याचा मला खरंच राग येतो.

शिवाय एनबीएची क्लिप दाखवून आपल्या मॅचमध्ये भांडू नका, आपण फिबाच्या नियमांनी खेळतो. स्वतःचा शॉट रिंगला, बोर्डला, कोणालाच न लागता खाली आला आणि त्याच प्लेअरने पकडला तर एनबीएत ट्रॅव्हल, आपल्याकडे खरोखर शॉट असेल तर चालतं.

"पिव्हॉट पाय उचलला की ट्रॅव्हल." पिव्हॉट म्हणजे जो पाय जागेवर रोवून दुसरा फिरवतात तो. पास किंवा शॉटसाठी उचलता येतो, फक्त तो परत टेकायच्या आत बॉल हातातून सुटला पाहिजे. ड्रिबल सुरू करताना मात्र बॉल आधी सुटायला हवा, पाय नंतर.

"डिफेंडर हलत असेल तर चार्ज मिळतच नाही, ब्लॉकच."

चार्ज म्हणजे बॉलवाल्याने डिफेंडरला धडक दिल्याचा फाऊल, ब्लॉक म्हणजे डिफेंडरने त्याची वाट चुकीची अडवल्याचा. ही समजूत कोचेसमध्येसुद्धा आहे आणि सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. डिफेंडरने आधी समोरच्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर ठेवून जागा घेतली की त्याची लीगल पोझिशन झाली. त्यानंतर तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, सरळ वर उडी मारू शकतो, धडक बसताना स्वतःला वाचवायला वळूही शकतो. पुतळ्यासारखं उभं राहा असं कुठेच लिहिलेलं नाही. बॉल ज्याच्याकडे आहे त्याला अंतर आणि वेळ द्यायची पण गरज नाही, अगदी शेवटच्या क्षणी समोर आलात तरी चालतं, फक्त तो हवेत जायच्या आधी जागा घेतलेली पाहिजे. हवेत गेलेल्या माणसाच्या खाली शिरलात तर माझा ब्लॉक पक्का, कारण तिथे गुडघे आणि घोटे तुटतात. ज्याच्याकडे बॉल नाही त्याला मात्र निदान एका स्टेपचं अंतर द्यावं लागतं. बास्केटखालचा अर्धगोल त्यातला अपवाद, तिथे उभं राहून उडी मारून आलेल्याचा चार्ज सहसा मिळत नाही. म्हणून ड्राईव्हला, म्हणजे कोणी बॉल घेऊन बास्केटकडे घुसतो तेव्हा, मी बॉलवाल्याकडे बघत नाही, डिफेंडरकडे बघतो. गॅलरी बॉलकडे बघते.

"हाताला लागलं की फाऊल, मागून रिबाउंड घेतला की ओव्हर द बॅक." रिबाउंड म्हणजे हुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल, आणि ओव्हर द बॅक नावाचा फाऊलच नाही. उंच मुलाने मागून हात वर करून न ढकलता बॉल काढला तर तो त्याच्या उंचीचा हक्क आहे, पाठीवर चढला किंवा ढकललं तर ते पुशिंग. हलका धक्का लागला आणि समोरच्याचं काहीच बिघडलं नाही तर शिट्टी मारू नका असंच नियम सांगतो. तीन सेकंदाचंही (समोरच्या बास्केटखालच्या एरियात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही) तेच, शॉट सुटला की टीमचा कंट्रोल संपला, मग रिबाउंडच्या झटापटीत मोजणीच नाही, कितीही ओरडा.

"स्लो मोशनमध्ये सगळं दिसतं मग रेफला का नाही?"

आपल्याकडे बहुतेक ग्राउंडवर दोनच रेफरी असतात, एक बेसलाईनवर, एक मागे, आणि दहा प्लेअर. दोघांनी एरिया वाटून घेतलेला असतो, एकाने बॉलभोवतीचं बघायचं तेव्हा दुसऱ्याने पोस्टमधली, म्हणजे बास्केटजवळची, ढकलाढकली बघायची, दोघंही बॉलच बघायला लागले तर तिकडे कोपर कोणाच्या तोंडावर बसलं हे कोणालाच कळणार नाही. स्लो मोशनने पाय नीट दिसतात हे मान्य, पण बॉल हातात कधी थांबला हे ज्याला ठरवता येत नाही तो कितीही हळू बघितलं तरी चुकीच्याच पायापासून मोजणार.

खरं ट्रॅव्हल जिथे रोज होतं तिथे बाहेरून आवाजच येत नाही. पोरगा विंगवर, म्हणजे कोर्टाच्या कडेला, उभा राहून बॉल घेतो, हूल देतो, आणि बॉल जमिनीवर टाकायच्या आधी मागचा पाय घसटत उचलतो. दिवसभरात सगळ्यात जास्त ट्रॅव्हल मी हेच देतो आणि तेव्हा कोच मला विचारतो की काय झालं सर. याची प्रॅक्टिस घ्या ना, मुलांचा खरा फायदा त्यात आहे.

छोट्या मुलांच्या मॅचेसना पुष्कळदा कॉलेजमधली, नुकतीच रेफरीची परीक्षा दिलेली पोरंपोरी असतात. हाफ टाईमला मोठी माणसं मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरतात, ती घाबरतात, पुढच्या हाफमध्ये शिट्टी मारायलाच कचरतात, आणि काही पुढच्या सीझनला परत येतच नाहीत. रूलबुक फिबाच्या साईटवर फुकट आहे, आर्टिकल २५ आणि ३३ वाचा. तरीही शंका राहिली तर मॅच संपल्यावर मला विचारा, पाय टाकून दाखवतो, पण त्या पोरांना सोडा.