१५.४२ चा डॉलर

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा मालदीवच्या पैशावरून वाद पेटला. सुरुवात कांद्यानं झाली. बाजार समितीतला अडत्या मित्र सांगत होता, की २०२४-२५ साठी भारतानं मालदीवला कांदा, बटाटा, अंडी, तांदूळ, साखर यांचा कोटा बांधून दिला होता. टॉवेल निर्यातीचे हिशोब बघणारा मित्र मध्येच म्हणाला, "कांदा राहू दे बे. त्यांचा रुफिया बघ की! आपला डॉलर ४५ वरून ८० च्या पार गेला, त्यांचा १५.४२ वरच. कुठवर धरून ठेवणार?"

हा आकडा आला तो असा. २००१ मध्ये डॉलरचा भाव १२.८५ रुफिया ठरवला होता. एप्रिल २०११ मध्ये त्याला २० टक्के वर-खाली हलायची मुभा दिली. रुफिया घसरून टोकाला, १५.४२ ला गेला आणि तिथंच थांबला.

टॉवेलवाला म्हणाला, "धरून ठेवलेला भाव सोडून द्यावा. रुपया घसरला की आपल्या टॉवेलला गिऱ्हाईक वाढतं, तसं त्यांचंही होईल."

इथं मला राहवलं नाही. टॉवेलचा माग इथला, मजूर आपल्या शहराच्या पूर्व भागातला, म्हणून घसरलेला रुपया आपल्याला पावतो. मालदीव विकतो मासे आणि समुद्रकिनारा. रिसॉर्टच्या खोलीचा भाव आधीपासूनच डॉलरमध्ये. रुफिया पाडला तर स्वस्त होईल तो त्या खोलीतली चादर बदलणारा माणूस, आणि त्याच्या घरचा तांदूळ, डिझेल, औषध मात्र महागेल, कारण ते सगळं बाहेरून येतं.

अण्णा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "फुटकी कवडी म्हणतो ना आपण? पूर्वी कवड्या तिथूनच यायच्या रे." खरंच आहे ते. मालदीवच्या कवड्या बंगालमध्ये चलन म्हणून चालायच्या, बदल्यात तांदूळ यायचा. १४ व्या शतकात इब्न बतूता तिथं काझी होता, त्यानं हा व्यवहार लिहून ठेवलाय. आज रुफियाचे १०० लारी होतात. ती लारी म्हणजे दुमडलेल्या चांदीच्या तारेचं जुनं नाणं. आदिलशाहीत आपल्या कोकणातही चालायचं. मला यातलं तांदळाचं फार लागलं. तेव्हाही तांदूळ बाहेरूनच यायचा, पण त्याचा पैसा त्यांच्याच समुद्रात सापडायचा. आता तो डॉलरमध्ये मिळवावा लागतो.

टॉवेलवाला हटला नाही. "मग बँकेत १५.४२ नं हवे तेवढे डॉलर मिळतात का? विचार याला." अडत्याचा भाचा तिथल्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात आहे. घरी पैसे पाठवायचे तर बँक मोजकेच डॉलर देते, उरलेले बाहेरून जास्त रुफिया मोजून घ्यावे लागतात. "म्हणजे कागदावरच्या भावाचा फायदा ज्याला बँकेतून डॉलर मिळतात त्याला. तुझा चादर बदलणारा आत्ताच मरतोय की!"

हे मला मान्य करावं लागलं. पण पाच लाखांच्या देशात २०२४ मध्ये २० लाखांवर पर्यटक आले. डॉलर येतात, ते देशातल्या बँकांपर्यंत पोचत नाहीत. म्हणून त्याच वर्षी रिसॉर्टांवर काही डॉलर स्थानिक बँकांना विकायची सक्ती आली. ऑक्टोबरमध्ये भारतानं ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या स्वॅपची, म्हणजे ठराविक मुदतीसाठी चलन अदलाबदलीची, सोय दिली, पण ती उसनवारीच. आधी ही सक्ती कडक राबवा, भावाला नंतर हात लावा, असं मी अजूनही म्हणतो.

"आणि तरी डॉलर नाही आले तर?"

मग टप्प्याटप्प्यानं भाव उतरवावा लागेल, पण आधी पगार वाढवून.

अडत्यानं तिथूनच भाच्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला. आमचं सगळं ऐकून तो म्हणाला, "मामा, भाव काय करायचा ते करू दे ओ. पगार तेवढा डॉलरमध्ये द्यायला सांगा."